पट्टे चार, विजेता कोण?

हेवीवेट मुष्टियुद्धातल्या मोठ्या लढतीच्या वाटाघाटी महिनोन् महिने चालतात आणि अखेरीस ती लढत होतच नाही, हे आता इतक्या वेळा घडले आहे की मनापासून चीड येते. १९६६ या एकाच वर्षात मुहम्मद अलीने पाच वेळा विजेतेपद पणाला लावले होते. आजचा विजेता वर्षातून दोनदा रिंगणात उतरला तरी पुष्कळ झाले. अली आणि फ्रेझर १९७१ ते १९७५ या काळात तीनदा भिडले, आणि मनिलातल्या तिसऱ्या लढतीत चौदाव्या फेरीनंतर फ्रेझरला त्याच्या प्रशिक्षकानेच थांबवले, कारण सुजलेल्या डोळ्यांनी त्याला समोरून येणारे ठोसेही दिसत नव्हते. याउलट जोशुआ आणि फ्युरी हे दोघेही ब्रिटिश, दोघेही जगज्जेते, पण ऐन भरात असताना एकमेकांसमोर आलेच नाहीत. लेनक्स लुईसने १९९९ मध्ये निर्विवाद (म्हणजे सर्व प्रमुख संघटनांचे एकत्रित) विजेतेपद मिळवल्यानंतर पुढचा निर्विवाद विजेता २०२४ मध्ये, युक्रेनच्या उसिकच्या रूपाने मिळाला (त्याच्या कौशल्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही), आणि चार संघटनांच्या विजेतेपदाच्या चार पट्ट्यांपैकी एक त्याला दोन महिन्यांच्या आतच सोडावा लागला.