‘कोडिंग एआयवर सोडा’ म्हणणाऱ्यांना एका जीवशास्त्र शिक्षिकेचं उत्तर

लाइफ सायन्सच्या विद्यार्थ्यांच्या गटांमधून सध्या एक मजकूर सारखा फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: आकडेवारीला एक्सेल पुरतं. एआय कोड लिहून देतं, त्यामुळे जीवशास्त्राच्या मुलांनी प्रोग्रॅमिंगमध्ये वेळ घालवू नये. दोन दिवसांच्या कार्यशाळा सर्टिफिकेटपुरत्याच असतात. आणि डेटा ठेवायला ड्राइव्ह असताना संशोधनाच्या डेटाच्या सामायिक कोठारांवर खर्च कशाला? माझ्या एमएस्सीच्या वर्गातल्या एका मुलीने तो मला पाठवून खाली विचारलं, “मॅडम, मग आर शिकणं सोडून देऊ का?” आर ही आकडेवारीसाठी वापरली जाणारी प्रोग्रॅमिंगची भाषा. तिच्यासाठी, आणि हाच प्रश्न मनात असलेल्या इतरांसाठी, हे लिहिते आहे.

एक्सेलचा मुद्दा आधी घेते. सेप्टिन कुटुंबातल्या एका जनुकाचं नाव होतं ‘सेप्ट२’, दुसऱ्या कुटुंबातल्या एकाचं ‘मार्च१’. एक्सेलमध्ये ती नावं टाकली की २ सप्टेंबर आणि १ मार्च या तारखा व्हायच्या. २०१६ साली जनुकांच्या एक्सेल याद्या जोडलेले शोधनिबंध तपासले गेले, तेव्हा साधारण पाचातल्या एका निबंधात अशा चुका निघाल्या. अखेर २०२० मध्ये मानवी जनुकांना नावं देणाऱ्या समितीने ही नावंच बदलली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये कोविडच्या जवळपास १६ हजार रुग्णांची नोंद रोजच्या आकड्यांत आलीच नाही, कारण जुन्या एक्सएलएस फाइलमध्ये ६५,५३६ च्या पुढे ओळी मावत नाहीत. त्या लोकांना त्यांचे रिपोर्ट मिळाले होते, पण त्यांच्या संपर्कात आलेल्यांचा शोध लांबला. वर्गाचे गुण मीही एक्सेलमध्येच भरते. पण जनुकांची यादी न तपासता त्यात टाकू नका.

आता एआय. ते कोड चांगला लिहितं, मी स्वतः लिहून घेते. पण आपल्या कामातल्या सगळ्यात वाईट चुका अशा असतात की प्रोग्रॅम कुठेच अडत नाही, लाल अक्षरं येत नाहीत, आणि उत्तर मात्र चुकीचं असतं. जीनोमवरच्या, म्हणजे सजीवाच्या संपूर्ण डीएनएवरच्या, जागा सांगणाऱ्या फाइलींचंच बघा. बेड फाइल शून्यापासून मोजते, जीएफएफ एकपासून. दोन्ही एकत्र करताना हे लक्षात आलं नाही, तर सगळं काही डीएनएच्या एका अक्षराने सरकतं. हातातली फाइल कुठली आणि ती कशी मोजते, हे विचारण्याचं काम तुमचं आहे. ज्याला हे विचारायचं असतं हेच ठाऊक नाही, तो एआयलाही विचारणार नाही.

एका ओळीने सरकण्याची किंमत काय असते, हे ड्यूक विद्यापीठातल्या प्रकरणावरून कळतं. कोणत्या कर्करोगावर कोणतं केमो लागू पडेल, हे जनुकांवरून ओळखण्याची पद्धत तिथल्या गटाने २००६ साली प्रसिद्ध केली. अमेरिकेतल्याच एम. डी. अँडरसन या कर्करोग केंद्रातल्या किथ बॅगर्ली आणि केव्हिन कूम्ब्ज यांनी तीच आकडेमोड पुन्हा करून पाहिली. जनुकांच्या याद्या एका ओळीने सरकलेल्या निघाल्या, म्हणजे प्रत्येक जनुकाच्या जागी त्याच्या शेजारचं. हे त्यांनी २००७ मध्येच छापून दाखवलं. तरीही त्या पद्धतीवर रुग्णांच्या चाचण्या झाल्या आणि त्या २०१० मध्ये थांबल्या. पुढे चौकशीत डेटा खोटा असल्याचंही सिद्ध झालं. मला यात सतत खुपते ती गोष्ट वेगळीच आहे. सरकलेली ओळ दिसायला अलौकिक बुद्धी लागत नव्हती. मूळ फाइल उघडून, कोड चालवून, दोन याद्या शेजारी ठेवून पाहणारं माणूस लागत होतं.

कार्यशाळांबद्दल त्या मजकुराचं म्हणणं अर्धं खरं आहे, आणि ते मान्य करायला हवं. २०१७ साली अमेरिकेतल्या जीवशास्त्राच्या पीएचडी विद्यार्थ्यांवरच्या एका अभ्यासात छोट्या प्रशिक्षणांचा मोजण्याजोगा फायदा आढळला नाही. दोन दिवसांत कुणी प्रोग्रॅमर होत नाही. पण संशोधकांना प्रोग्रॅमिंग शिकवणाऱ्या, १९९८ मध्ये सुरू झालेल्या सॉफ्टवेअर कार्पेंट्री या उपक्रमाची पद्धत पाहा. शिकवणारा समोर प्रत्यक्ष टाइप करतो, चुकतो, सुधारतो. अडलेला विद्यार्थी लॅपटॉपवर रंगीत चिठ्ठी चिकटवतो आणि मदतनीस त्याच्याजवळ येतो. भीती तिथे जाते. खरं शिकणं नंतर होतं, आपल्याच डेटावर, महिनोन्‌महिने. म्हणून कार्यशाळेनंतर दर आठवड्याला बसणारा गट हवा. घरी भारी मशीन नाही ही सबबही आता फारशी उरलेली नाही. गॅलेक्सीसारख्या मंचावर ब्राउझरमधून मोफत विश्लेषण करता येतं.

राहिला ड्राइव्हचा प्रश्न. ड्राइव्हवर फाइल राहते, पण नमुना कुठला, कधीचा, कोणत्या यंत्रावर वाचला, हे फाइलसोबत राहीलच असं नाही. ती माहिती ठरलेल्या साच्यात भरून घेणं हे कोठाराचं काम. प्रोटीन डेटा बँक १९७१ मध्ये अवघ्या सात प्रथिनांच्या रचनांवर सुरू झाली. जगभरच्या प्रयोगशाळांनी पन्नास वर्षं तिच्यात भर घातली आणि त्यावरच प्रथिनांच्या रचनेचा अंदाज बांधणारं अल्फाफोल्ड हे एआय शिकलं, ज्याच्या निर्मात्यांना २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. एआयचा दाखला देत कोठारं नकोत म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं: जीवशास्त्रातलं हे गाजलेलं एआय अशाच कोठारावर शिकलं आहे.

आणि आपल्या दारातलं उदाहरण आहेच. डिसेंबर २०२० मध्ये कोरोना विषाणूचे जीनोम वाचणारं इन्साकॉग हे दहा प्रयोगशाळांचं जाळं उभं राहिलं. त्यात पुण्यातल्या एनआयव्ही (राष्ट्रीय विषाणू संस्था) आणि एनसीसीएस (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र) या दोन होत्या. २४ मार्च २०२१ ला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सांगितलं की महाराष्ट्रातल्या १५ ते २० टक्के नमुन्यांत विषाणूत दोन विशिष्ट बदल दिसतात आणि ते आधी नोंदलेल्या कुठल्याही चिंताजनक प्रकाराशी जुळत नाहीत. याच कुळातून पुढे कोरोनाचा डेल्टा प्रकार ओळखला गेला. ‘आधी नोंदलेल्या कशाशी जुळत नाहीत’ हे वाक्य म्हणायला आधीच्या नोंदी एका जागी असाव्या लागतात, आणि त्यांच्याशी आपला नमुना ताडून पाहणारी माणसं प्रयोगशाळेत बसलेली असावी लागतात.

तेव्हा आर सोडू नकोस. सोमवारी येताना तुझ्या प्रकल्पाची मूळ फाइल घेऊन ये, कशीही असली तरी. आपण पहिल्या ओळीपासून बघू.