श्यामची आई, पस्तीस वर्षांनी

परवा माळ्यावरच्या पेटीत 'श्यामची आई' सापडलं. पाचवीच्या सुट्टीत रडत रडत वाचलेलं. वर्तमानपत्राचं कव्हर, आत माझं नाव आणि तुकडी. जेवणं झाल्यावर सहज उघडलं आणि रात्री दोनपर्यंत हातातून सुटलं नाही.

तेव्हा मला यात फक्त आई दिसली होती. तळव्यांना घाण लागू नये म्हणून दगडावर लुगड्याचं ओलं टोक पसरणारी, पोहायला जात नाही म्हणून शिंपटीने झोडपणारी. शाळेतही तेवढंच सांगायचे. कुणी उलट बोललं की लगेच 'श्यामची आई वाच जरा'! इतक्या हळव्या पुस्तकाची आपण छडी करून टाकली, याचं मला खरंच वाईट वाटतं.

या वेळी पानोपानी कर्ज दिसलं. कोकणातलं एक खाऊनपिऊन सुखी घर, मग वाटण्या, व्याज, दारात आलेला सावकाराचा माणूस. 'अब्रूचे धिंडवडे' हे प्रकरण मला आठवतही नव्हतं. दहा वर्षांच्या पोराला त्यातलं काय कळणार? आज घराचे हप्ते भरताना ते वाचलं आणि पुस्तक मिटून थोडा वेळ नुसताच बसलो.

आणि वडील! भाजीत मीठ नाही, तरी ते काही न बोलता जेवून उठतात. आई मागून जेवायला बसते तेव्हा तिला कळतं. तीही भाऊबीजेच्या पैशांतून त्यांना धोतर आणते, कारण त्यांचं फाटलेलं असतं. बुडत चाललेल्या घरातली ही दोन माणसं एकमेकांना किती जपतात! हा संसार आम्हाला कुणी शिकवलाच नाही.

लोक याला रडकं पुस्तक म्हणतात. मला अजिबात पटत नाही. साने गुरुजींची आई 1917 मध्ये गेली, तेव्हा ते शिक्षणासाठी दूर होते. शेवटची भेट झाली नाही. 1933 च्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात, तेहतिसाव्या वर्षी त्यांनी यातलं बहुतेक सगळं पाचेक दिवसांत लिहून काढलं. सोळा वर्षं आत साठलेलं असल्याशिवाय असं होत नाही.

आमच्या अण्णांनीही घरासाठी कर्ज काढलं होतं. बँकेचं पत्र आलं की ते घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवायचे आणि चहा मागायचे. काल आईला विचारलं, तुला ठाऊक होतं का गं?

म्हणाली, "सदरे मीच धुवायचे ना."