पुस्तक हवंच, पण एकटं नको

स्वतःला इजा करण्याच्या सवयीतून स्व-मदतीची पुस्तकं बाहेर काढतात, असं एका लेखात वाचलं; ते मला अर्धंच पटलं. माझी भाची जळगावच्या मे महिन्यात, ४४ अंशांत, पूर्ण बाह्यांचा कुर्ता घालायची. आम्हाला वाटलं, उन्हासाठी; झाकायच्या होत्या त्या जखमा! (खान्देशात शंका कोण घेणार?) पुस्तक तिनेच आणलं. पहिली प्रकरणं कोरी करकरीत. ‘ऊर्मी आली की काय करायचं’ त्या पानाला मात्र चहाचे डाग, कोपरा दुमडून दुमडून तुटलेला. इजा करायची ऊर्मी चढते तशी ओसरते, तेवढा वेळ काढायचा, हे तिला तिथेच कळलं. पण रात्री दोनला पुस्तक बोलत नाही. तेव्हा तिने टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लावला; फुकट आहे, मराठीतही बोलतात. पुढे समुपदेशक ताईंकडेही ती तेच पुस्तक न्यायची. आणि मराठीत अशी पुस्तकं किती? तिचं इंग्रजीच होतं, आमची आक्का तिच्या शेजारी डिक्शनरी घेऊन बसायची.