ऑटोफॅजी गाठ रोखते की पोसते? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचा आक्षेप असा: मागच्या लेखात मी आधी लिहिलं की बेक्लिन-१ निम्मं झालं की उंदरांना कॅन्सर होतो, आणि पुढे लिहिलं की एटीजी-७ काढलं की गाठ आकसते. दोन्ही प्रथिनं ऑटोफॅजीचीच, म्हणजे पेशीतला निकामी माल मोडून पुन्हा वापरण्याच्या कामातली. तेव्हा ‘नक्की काय ते एकदा ठरवा’!

अहो, दोन्ही खरं आहे. न्यू जर्सीत रटगर्स विद्यापीठातल्या आयलीन व्हाइट यांच्या गटाचा २०१३चा प्रयोग बघा. बीआरएएफ जनुकातल्या बिघाडामुळे उंदरांच्या फुप्फुसांत गाठी होत होत्या. त्या पेशींतून एटीजी-७ काढलं, तर सुरुवातीला पेशी उलट जास्तच भराभर वाढल्या. पुढे मात्र खराब मायटोकॉन्ड्रिया (पेशीतली ऊर्जाकेंद्रं) साचत गेले, पेशींना इंधन पुरेना, गाठींचा पसारा घटला आणि उंदीर जास्त जगले. प्रथिन तेच. गाठ नुकती धरतेय की चांगली पोसली गेलीय, एवढाच फरक.

साफसफाई थांबल्यावर वाढ का व्हावी, याचा एक धागा जपानी संशोधकांना २०११ मध्ये यकृतात सापडला. एटीजी-७ नसलं की पी-६२ नावाचं प्रथिन साचत जातं आणि यकृतात गाठी होतात. पी-६२सुद्धा काढून टाकलं तर त्या लहान राहतात. शिवाय या गाठी साध्या होत्या, पसरणाऱ्या नव्हेत. हे महत्त्वाचं आहे.

खरं तर आक्षेप घ्यायचाच होता तर बेक्लिनवर घ्यायचा. माणसात त्याचं जनुक १७व्या गुणसूत्रावर बीआरसीए-१च्या, म्हणजे बिघडलं तर स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढवणाऱ्या जनुकाच्या, शेजारी असतं. स्तनाच्या कॅन्सरमध्ये बरेचदा दोन्ही एकदमच गळतात, मग दोष कुणाच्या माथी मारायचा? यावर अजून वाद आहे.

राहता राहिला टोमणा: ‘ओसुमींना नोबेल मिळालं, म्हणजे एकादशीने कॅन्सर बरा होतो हे सिद्धच झालं.’ उपवासात ऑटोफॅजी वाढते, एवढाच याचा आधार. पण जपानी शास्त्रज्ञ योशिनोरी ओसुमींचं २०१६चं नोबेल ऑटोफॅजीवरच्या ज्या कामासाठी होतं, ते प्रामुख्याने यीस्टवरचं. कॅन्सरच्या डॉक्टरांनी तर उलट ऑटोफॅजी अडवूनच पाहिली. स्वादुपिंडाच्या पसरलेल्या कॅन्सरमध्ये किमोसोबत हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे ऑटोफॅजी अडवणारं औषध दिलं. २०१९ मध्ये आलेल्या निकालात वर्षभरानंतर जिवंत असलेल्यांचं प्रमाण काही वाढलं नव्हतं. तेव्हा ‘उपवास करू का’ हे मला विचारू नका. किमो चालू असेल आणि वजन उतरत असेल, तर एकादशी धरण्याआधी तुमच्या ऑन्कोलॉजिस्टना विचारा.