‘एक इंचही जमीन घेतली नाही’: डकोटा तेलवाहिनीचा अपुरा बचाव

अमेरिकेतील डकोटा ॲक्सेस तेलवाहिनीचा विषय निघाला की एक युक्तिवाद हमखास पुढे केला जातो. त्याचा आशय असा की ही वाहिनी स्टँडिंग रॉक सू या मूळनिवासी जमातीच्या राखीव प्रदेशातून जात नाही. सरकारने बोलावूनही जमात चर्चेला आली नाही. ही वाहिनी ज्या जलाशयाखालून जाते, त्याच जलाशयाखालून एक गॅसवाहिनी आधीपासून जाते. जमातीचा नवा पाणीपुरवठा दूरवरून होतो. आणि न्यायालयाने परवानगी वैध ठरवली आहे. यातील काही विधाने शब्दशः खरी असल्यामुळेच हा युक्तिवाद अनेकांना पटतो, आणि म्हणून त्याचा एकेक मुद्दा तपासणे आवश्यक आहे.

राखीव प्रदेशातून वाहिनी जात नाही, हे खरे आहे. नॉर्थ डकोटातील बाकन तेलक्षेत्रापासून इलिनॉयमधील पटोकापर्यंत १,१७२ मैल जाणारी ही वाहिनी मिसुरी नदीवरील ओआहे जलाशयाखालून, राखीव प्रदेशाच्या उत्तर सीमेपासून जेमतेम अर्ध्या मैलावर नदी ओलांडते. मात्र मिसुरी तेथे दक्षिणेकडे वाहते, त्यामुळे गळती झाल्यास तेल जमातीच्या पाण्यात उतरणार. शिवाय हा परिसर अमेरिकी सरकारशी झालेल्या १८५१च्या फोर्ट लॅरमी कराराने सू लोकांचा म्हणून मान्य झालेल्या प्रदेशात येतो, आणि ज्या जलाशयाबद्दल आपण बोलत आहोत, त्यासाठी ओआहे धरण बांधताना स्टँडिंग रॉकची सुमारे ५६,००० एकर जमीन पाण्याखाली गेली होती. प्रकल्पाची झळ कोणत्या समाजाला बसेल हे पाहताना लष्कराच्या अभियंता विभागाने, म्हणजे आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सने, अर्ध्या मैलाचा परीघ धरला. राखीव प्रदेश ०.५५ मैलावर असल्याने सुमारे ८० मीटरच्या फरकाने तो परिघाबाहेर राहिला. जमातीने लष्कराच्या या विभागाविरुद्ध केलेल्या दाव्यात न्यायाधीश जेम्स बोसबर्ग यांनी जून २०१७च्या निकालात या विश्लेषणावर नेमके बोट ठेवले. बिस्मार्क शहराच्या उत्तरेकडून जाणारा पर्याय मात्र आधीच बाद झाला होता. तो अधिक लांबीचा होता हे एक कारण होते, आणि शहराच्या पाणीपुरवठ्याच्या विहिरींचे संरक्षित क्षेत्र हे दुसरे. पाण्याची जी काळजी शहराच्या वाट्याला आली, ती जमातीच्या वाट्याला का येऊ नये, हा प्रश्न मला टाळता येण्याजोगा वाटत नाही.

जमात गप्प बसली होती, हे विधान टिकत नाही. ३० सप्टेंबर २०१४ रोजी वाहिनी बांधणाऱ्या कंपनीच्या प्रतिनिधींसमोर जमातीच्या परिषदेने विरोध स्पष्टपणे मांडला होता, आणि त्या बैठकीचे ध्वनिमुद्रण पुढे सार्वजनिक झाले. सप्टेंबर २०१६च्या निकालात जमातीने चर्चेत पुरेसा सहभाग घेतला नाही असे न्यायालयाने नोंदवले, हे मान्य केले पाहिजे. परंतु तो निकाल ऐतिहासिक स्थळांच्या संरक्षणाच्या कायद्यापुरता होता, आणि चर्चा केवळ नदी ओलांडण्याच्या जागांपुरती न ठेवता संपूर्ण मार्गाची करावी, हाच तर जमातीचा आग्रह होता.

जुन्या गॅसवाहिनीचा दाखला सर्वांत फसवा आहे. नॉर्दर्न बॉर्डर ही १९८०च्या दशकातील वाहिनी नैसर्गिक वायू वाहून नेते. पाण्याखाली वायू गळला तर तो बहुतांशी बुडबुड्यांवाटे वर निघून जातो. कच्चे तेल मात्र पाण्यात पसरते, त्यातील बेन्झीनसारखे घटक विरघळतात, आणि हिवाळ्यात जलाशय गोठलेला असताना बर्फाखालचे तेल शोधणे व काढणे फार अवघड होते. गळती तत्काळ कळेल, या आश्वासनाबाबत न्यायालयासमोर आलेली बाब गंभीर आहे: प्रवाहाच्या एक टक्क्याहून कमी गळती ही यंत्रणा पकडेलच असे नाही. दररोज सहा लाख पिंपे वाहत असतील, तर एक टक्का म्हणजे दिवसाला ६,००० पिंपे. ही भीती केवळ कागदावरची नाही. याच राज्यात टायोगाजवळ २०१३ साली दुसऱ्या एका वाहिनीतून सुमारे २०,६०० पिंपे तेल गव्हाच्या शेतात गेले, आणि ते यंत्रणेच्या नव्हे, शेतकऱ्याच्या लक्षात आले.

जमातीसाठी पिण्याचे पाणी उचलण्याचे नवे केंद्र सुमारे ७० मैल दक्षिणेला आहे, हेही खरे. परंतु मासेमारी आणि शिकार यांचे करारसिद्ध हक्क केंद्राबरोबर ७० मैल सरकत नाहीत, आणि तेलगळतीचा या हक्कांवरील परिणाम पुरेसा तपासला नाही, असे २०१७च्या निकालात म्हटले आहे.

राहिला न्यायालयाने सारे वैध ठरवल्याचा दावा. ४ डिसेंबर २०१६ रोजी लष्कराने जलाशयाखालून वाहिनी नेण्याचा सुविधाधिकार नाकारला होता; २४ जानेवारी २०१७ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी प्रक्रिया वेगाने उरकण्याचा आदेश काढला, फेब्रुवारीत अधिकार मिळाला आणि १ जून रोजी व्यावसायिक वाहतूक सुरू झाली. मार्च २०२०मध्ये न्यायालयाने संपूर्ण पर्यावरणीय परिणाम अहवाल बंधनकारक केला आणि जुलैमध्ये सुविधाधिकार रद्द करून वाहिनी रिकामी करण्यास सांगितले. जानेवारी २०२१मध्ये अपील न्यायालयाने वाहिनी बंद करण्याचा भाग उलटवला, पण अहवालाची गरज आणि सुविधाधिकाराची रद्दबातल अवस्था दोन्ही कायम ठेवली. फेब्रुवारी २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीची याचिका ऐकण्यास नकार दिला. म्हणजे त्या निकालानंतरही तेल वाहत राहिले, पण ज्या सरकारी जमिनीखालून ते वाहत होते तेथील परवानगी रद्द झालेली होती. ‘न्यायालयाने मान्य केले’ असे सांगणाऱ्यांनी २०१६च्या निकालावर न थांबता २०१७, २०२० आणि २०२१चे निकालही लोकांसमोर ठेवावेत.