जमीन फुकट दिली की कारखाने येतात?

महिनाभरात एकच मेसेज मला सात-आठ ग्रुपवर आलाय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: जमीन फुकट द्या, दहा वर्षं कर माफ करा, सांगलीत कंपन्यांची रांग लागेल. आपल्या जिल्ह्यातली किर्लोस्करांची कारखाना-वसाहत, किर्लोस्करवाडी, अशीच उभी राहिली. पुण्याकडे कारखाने जातात ते पुढाऱ्यांच्या वजनामुळे. आणि इंटरनेट आल्यावर जागा कुठली का असेना, काय फरक पडतो? लिहिणाऱ्याची तळमळ खरी आहे. पोरांना नोकरीसाठी पुण्याजवळ चाकणला जावं लागतं हे मलाही सलतं. पण निदान चुकलंय.

आधी किर्लोस्करवाडी, कारण सगळा मेसेज तिच्यावरच उभा आहे. बेळगावातली जागा सोडावी लागल्यावर 1910 मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी 32 एकर माळ दिला, 10,000 रुपये बिनव्याजी दिले. इथपर्यंत बरोबर. पण औंध संस्थानात माळाला काय तोटा होता? आटपाडीही औंधातच होती, तिकडे हवा तेवढा माळ मिळाला असता. कारखाना उभा राहिला तो कुंडल रोड स्टेशनला लागून. लोखंड आणि भट्टीसाठी कोक रेल्वेनं यायचा, नांगर रेल्वेनं जायचे. नांगर घेणारा शेतकरी कृष्णाकाठी भोवतीच होता आणि हात बसलेले कामगार बेळगावहून बायकामुलांसह सोबत आले होते. मेसेजात यातलं काहीच नाही. पुढची दोन नावंही बघा. ओगल्यांचा काच कारखाना ओगलेवाडीला. कराडचं स्टेशन आजही तिथंच आहे. कूपर यांचा कारखाना सातारा रोडला, तेही स्टेशनच. त्या काळचे आपल्या भागातले तीन नामांकित कारखाने, तिन्ही रुळांच्या कडेला.

पुढाऱ्यांचं वजन म्हणाल तर एकाच जिल्ह्यात बघू. शिरवळ साताऱ्यात, माण तालुकाही साताऱ्यातच. माणमध्ये जमीन कितीतरी स्वस्त, आणि मागास तालुक्याला सवलत जास्त हे सरकारचं धोरण जुनंच आहे. तरी कारखाने दाटले शिरवळला. तिथून पुणे पन्नासेक किलोमीटर, हायवे दारात, पुण्याकडे जाताना खंबाटकी घाट लागत नाही, पाण्याला नीरा. पुढाऱ्याच्या शब्दानं फाईल लवकर हलते, हे मान्य. घाट हलत नाही.

इंटरनेटनं फरक पडला नाही असं नाही, पण ऊस काही मेलवर जात नाही. शंभर किलो उसातून साखर निघते दहा-बारा किलो, आणि तोडल्यावर तो जितका पडून राहील तितका साखरेचा उतारा घटतो. म्हणून साखर कारखाना फडाजवळच लागतो. उलट हळद बघा. कर्नाटकातून, मराठवाड्यातून ती सांगलीला येते, कारण इथं व्यापारी, गोदामं, पॉलिशवाले आणि सौद्याला एकाच जागी दहा खरेदीदार आहेत. सॉफ्टवेअरला तर कच्चा मालच लागत नाही, तरी सांगलीच्या वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजची पोरं पुण्याला जातात. एक नोकरी सुटली तर दुसरी त्याच शहरात मिळते, नवरा-बायको दोघांना मिळते. कंपनीही माणसं जिथं आहेत तिथंच जाते.

माझं सांगलीजवळ कुपवाडला छोटं मशिन शॉप आहे. कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या फौंड्रीतून कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग येतात, आम्ही त्यांना बोअर-फेस करून, म्हणजे भोक मारून आणि तोंड सपाट करून देतो. गेल्या पावसाळ्यात एका लॉटला बोअर मारताना ब्लोहोल, म्हणजे ओतताना आत राहिलेल्या हवेची भोकं निघाली. आठला फोन केला, साडेनऊला फौंड्रीचा माणूस मशिनपाशी उभा, पीस खिडकीच्या उजेडात धरून बोट फिरवत होता. दुपारी बदली माल टेम्पोनं आला. हेच शॉप मी तीनशे किलोमीटरवर फुकटच्या जमिनीवर टाकलं असतं, तर चार दिवस मशिन बंद. बँकेचा हप्ता, पगार, वीजबिलातला स्थिर आकार, हे काही थांबत नाही. जमिनीचे पैसे एकदाच जातात, टेम्पोचं भाडं रोज.

सवलत नकोच असं मी म्हणत नाही. दोन जागा सारख्याच असल्या तर सवलतीनं पारडं नक्की झुकतं. पण मागणीच करायची असेल, तर दुपारी दीडला ट्रिप न होणाऱ्या विजेच्या फीडरसाठी करा. आयटीआयमध्ये पोरांना हात बसेपर्यंत चालवता येईल अशा सीएनसी मशिनसाठी करा. दिवाळीनंतर माझे दोन ऑपरेटर चाकणला गेले, आणि तिसऱ्या मशिनवर अजून माणूस नाही.