त्या अल्बमवरचा टेनर सॅक्सोफोन फक्त कोल्ट्रेनचा नाही

'जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या 'समडे माय प्रिन्स विल कम' या अल्बमवर सगळा टेनर सॅक्सोफोन जॉन कोल्ट्रेनने वाजवला आहे,' असं सध्या बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं दिसतं. ते खरं नाही.

हे ध्वनिमुद्रण मार्च 1961 मध्ये न्यूयॉर्कला झालं. कोल्ट्रेन 1960 मध्येच माइल्सचा संच सोडून स्वतःच्या वाटेने निघाला होता. संचातला टेनरवादक तेव्हा हँक मोब्ली होता. कोल्ट्रेन पाहुणा म्हणून आला आणि सहापैकी दोनच रचनांत वाजवून गेला: शीर्षकरचना आणि 'टिओ'. 'ओल्ड फोक्स' आणि 'फ्रान्सिंग'मध्ये ऐकू येतो तो मोब्लीच.

गोंधळ होतो तो शीर्षकरचनेमुळे, कारण तिच्यात दोघेही आहेत. आधी मोब्ली येतो, गोलसर, मऊ स्वरांचा, सुरावटीला धरून चालणारा. कोल्ट्रेन बराच नंतर येतो. त्याचा स्वर टोकदार आणि स्वरांची दाटी अशी की ओळखायला वेळ लागत नाही. हेडफोन लावून एकदा सलग ऐकाच.

मोब्लीचं श्रेय असं परस्पर दुसऱ्याच्या नावावर जाणं मला फार लागतं. 'ओल्ड फोक्स'मधलं त्याचं वादन अतिशय हळुवार आहे, आणि ते त्याचंच आहे.